माल जप्त, माणूस मोकळा

चीनशी मराठी माणसाचा संबंध काय, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण पटकन डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव सांगतील. सोलापूरचा हा तरुण डॉक्टर १९३८ साली चीनला गेला, तिथल्या जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली तिथेच वारला, आणि व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्याच्यावर चित्रपट काढून त्याला घराघरांत पोहोचवले. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण त्याच्या शंभर वर्षे आधी मुंबई बंदरातून दरवर्षी हजारो पेट्या चीनकडे रवाना होत होत्या आणि त्या पेट्यांत अफू होती, ही गोष्ट आपण मुलांना सहसा सांगत नाही. ज्यांच्या नावाच्या हॉस्पिटलात आपल्यापैकी कित्येकांचा जन्म झाला आणि ज्यांच्या नावाच्या कलाशाळेने आपल्याला थोर चित्रकार दिले, त्या सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीचा मोठा वाटा या व्यापारातून आला होता. आणि चीनच्या कायद्याने हा व्यापार म्हणजे शुद्ध तस्करी होती.

हे सारे पुन्हा मनात यायला निमित्त झाले एका पुस्तकाचे. फिलिप थाय हे बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक. त्यांचे 'चायनाज वॉर ऑन स्मगलिंग' हे पुस्तक कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने २०१८ साली काढले. १८४२ ते १९६५ एवढा मोठा कालखंड त्यात घेतला आहे. पुस्तक अभ्यासकांसाठी लिहिलेले आहे, त्यामुळे कादंबरीसारखे ते हातातून सुटत नाही असे मी म्हणणार नाही. काही पाने तर कस्टम्सच्या फॉर्मसारखीच आहेत! पण ज्यांचे निम्मे आयुष्य एका देशातून दुसऱ्या देशात बॅगा वाहण्यात गेले, त्या आपल्यासारख्यांना या विषयात रस वाटायला हरकत नाही. साहार विमानतळावर 'ग्रीन चॅनेल'कडे निघताना ज्याच्या छातीत कधीच धडधडले नाही असा अनिवासी भारतीय मला तरी भेटलेला नाही.

पुस्तकातला मुख्य विचार थोडक्यात असा. तस्करी ही चोरीसारखी किंवा खुनासारखी मुळातच गुन्हा असलेली गोष्ट नाही. सरकार एखाद्या मालावर जकात बसवते किंवा बंदी घालते, त्या क्षणी तस्कर जन्माला येतो. काल हाच माणूस व्यापारी होता. म्हणून एखाद्या देशातल्या तस्करीचा इतिहास म्हणजे त्या देशाच्या सरकारचा हात कुठवर पोहोचत होता याचा इतिहास. इथे मला भाषेची एक गंमत आठवते. आपला 'तस्कर' शब्द संस्कृतातून आला, त्याचा अर्थच चोर. चिनी भाषेत तस्करीला 'झोउ-स्स' म्हणतात. त्यात चोर कुठेच नाही. 'झोउ' म्हणजे चालणे, जाणे आणि 'स्स' म्हणजे खासगी. सरकारी वाट सोडून खासगी वाटेने जाणे, एवढाच त्याचा सरळ अर्थ.

आता चीनची खरी अडचण काय होती ती पाहू. चिनी बादशहांनी अफूविरुद्ध पहिला हुकूम १७२९ साली काढला होता. पुढे आयातीवरही बंदी आली. तरी माल येतच राहिला. शेवटी १८३९ साली लिन झेशू या करड्या अधिकाऱ्याने कँटनच्या परदेशी व्यापाऱ्यांची कोंडी करून २०,२८३ पेट्या ताब्यात घेतल्या आणि हूमेन इथे चुना आणि मीठ घालून सगळी अफू नष्ट केली. कुठल्याही देशाच्या कस्टम्स खात्याने मिरवावी अशी ही कारवाई. परिणाम काय झाला? युद्ध. आणि २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानजिंगचा तह. या तहाने चीनला २ कोटी १० लाख डॉलर भरावे लागले, त्यातले ६० लाख जप्त केलेल्या अफूची किंमत म्हणून! जप्त केलेल्या मालाचे पैसे तस्करांना परत करायला लागलेले सरकार जगाच्या इतिहासात दुसरे असेल असे मला वाटत नाही. आपल्याकडे 'युद्धात जिंकले आणि तहात हरले' अशी म्हण आहे. बिचारा चीन दोन्हीकडे हरला.

पैसा एकदा भरून संपतो. तहातली कलमे मात्र शंभर वर्षे पुरली. नानजिंगच्या आणि त्यामागून आलेल्या तहांनी चीनच्या दोन नाड्या परक्यांच्या हाती दिल्या. पहिली नाडी जकातीच्या दराची. १८५८ साली ठरलेल्या दरपत्रकाचा पाया साधारण ५ टक्क्यांचा होता आणि परदेशी सरकारांच्या संमतीशिवाय चीनला तो बदलता येत नव्हता. (याच दरपत्रकात अफूही गुपचूप कायदेशीर झाली, पिकुलमागे ३० ताएल जकात लावून. पिकुल म्हणजे सुमारे ६० किलो आणि ताएल हे चांदीचे वजन.) दुसरी नाडी न्यायाची. तह केलेल्या देशाच्या नागरिकाने चीनमध्ये गुन्हा केला तर त्याचा निवाडा चिनी न्यायाधीशाने नाही, तर त्या नागरिकाच्याच देशाच्या कॉन्सलने करायचा. याला इंग्रजीत 'एक्स्ट्राटेरिटोरिअ‍ॅलिटी' असा जिभेची कसरत करायला लावणारा शब्द आहे. आपण त्याला हद्दबाह्य हक्क म्हणू.

तस्करीच्या बाबतीत या हक्काची मौज पाहण्यासारखी आहे. १८५८ चा तिएनचिनचा तह वरवर वाचला तर चीनवर मोठी मेहेरबानी केल्यासारखा वाटतो. महसुलाची फसवणूक आणि तस्करी रोखायला योग्य वाटतील ते उपाय चिनी अधिकाऱ्यांनी करावेत, असे ४६ वे कलम म्हणते. ४८ वे कलम म्हणते की इंग्रज जहाज तस्करीत सापडले तर माल कितीही किमतीचा असो, चीनने तो जप्त करावा आणि जहाजाला बंदरातून हाकलावे. जप्तीचा पैसाही चीनच्या खजिन्यात. अधिकार दिले की सगळे! पण मग तो तस्कर? त्याचे काय? त्याला चिनी अधिकारी हात लावू शकत नाही. माल जप्त, माणूस मोकळा. पुढच्या खेपेला हाच साहेब दुसरे गलबत घेऊन दुसऱ्या बंदरात हजर.

बरे, मालाची जप्तीही सरळ नाही. १८६८ साली संयुक्त चौकशीचे नियम झाले. समजा, शांघायला एका इंग्रज व्यापाऱ्याचा जकात न भरलेला माल कस्टम्सने पकडला. व्यापाऱ्याने हरकत घेतली की चिनी अधीक्षक आणि ब्रिटिश कॉन्सल या दोघांनी कस्टम्स कचेरीत शेजारी शेजारी बसून चौकशी करायची. दोघांचे पटले नाही तर प्रकरण पेकिंगला, म्हणजे तिथल्या ब्रिटिश वकिलातीत आणि चिनी परराष्ट्र कचेरीत जाणार. मामला जप्तीचा नसून दंडाचा असेल तर उलटा प्रकार. बैठक कॉन्सलच्या कचेरीत, निवाडा कॉन्सलचा, आणि कस्टम्सचा कमिशनर बाजूच्या खुर्चीवर. या सगळ्यावर कडी म्हणजे चीनच्या बाजूने बसलेला हा कमिशनरही बहुधा इंग्रजच!

होय, कारण चीनचे सागरी कस्टम्स खातेच परदेशी माणसे चालवत होती. १८५३ साली शांघायचे चिनी शहर बंडखोरांच्या ताब्यात गेले आणि तिथली जकात वसुली कोलमडली. तेव्हा १८५४ मध्ये ब्रिटिश, अमेरिकन आणि फ्रेंच कॉन्सलांनी चिनी अधिकाऱ्यांशी बोलून वसुलीसाठी परदेशी निरीक्षक नेमायची सोय केली. 'तात्पुरती' म्हणून सुरू झालेली ही सोय जवळजवळ शंभर वर्षे टिकली. (तात्पुरत्या सरकारी सोयींचे आयुष्य सगळीकडे सारखेच!) उत्तर आयर्लंडचा रॉबर्ट हार्ट १८६३ ते १९११ या खात्याचा प्रमुख होता. तो चिनी सरकारचा पगारी नोकर होता आणि आपण चीनचे नोकर आहोत हे हाताखालच्या परदेशी लोकांना बजावत असे. खाते काटेकोर होते, पैसा खाल्ला जात नसे. पण त्याने चोख वसूल केलेला पैसा हळूहळू परदेशी कर्जांकडे आणि १९०१ साली लादलेल्या ४५ कोटी ताएलांच्या खंडणीकडे वळत गेला. हे खाते कोणाचे, चीनचे की साहेबाचे? थाय या वादात एक बाजू घेत नाहीत. पगार, पोशाख आणि वरचे अधिकारी परके असले तरी चिनी सरकारने या खात्याचा उपयोग स्वतःचा हात लांब करण्यासाठी करून घेतला, असे ते म्हणतात. मला हे पटते. आपल्याकडची रेल्वे आणि महसूल खातीही साहेबाने स्वतःसाठी उभी केली, पण आज ती आपली आहेतच ना.

तहाच्या हक्कांचा लाभ फक्त गोऱ्यांनाच झाला असेही नाही. १८५६ साली कँटनच्या नदीत 'अ‍ॅरो' नावाचे गलबत चिनी अधिकाऱ्यांनी अडवले. मालक चिनी, खलाशी चिनी, पण नोंदणी हाँगकाँगची. त्या नोंदणीची मुदतही नुकतीच संपलेली. तरी ब्रिटिश कॉन्सलने निशाणाचा अपमान झाला म्हणून आकांडतांडव केले आणि त्यातून दुसरे अफू युद्ध पेटले. परदेशी निशाण ही अशी भाड्याने मिळणारी कवचकुंडले झाली होती. कागद परदेशी असला की माल परदेशी, आणि माल परदेशी की चिनी अधिकारी दोन पावले मागे.

इथवरचा भाग माझ्या मते पुस्तकाची केवळ प्रस्तावना आहे, आणि लेखकाने ती लवकर उरकली आहे. त्यांना घाई आहे ती १९२८ नंतरच्या काळाकडे जाण्याची. तिथे मात्र ते रमतात आणि वाचकालाही रमवतात.

त्या काळाची कथा अशी. चँग कै-शेक यांच्या राष्ट्रवादी सरकारने नानजिंगला राजधानी केली आणि पहिल्या नाडीला हात घातला. जुलै १९२८ मध्ये अमेरिकेने चीनचे जकात ठरवण्याचे स्वातंत्र्य मान्य केले. मागोमाग इतरांनीही केले. जपानने मे १९३० पर्यंत ताणून धरले. १ फेब्रुवारी १९२९ पासून चीनचे स्वतःचे दरपत्रक लागू झाले. जवळजवळ नव्वद वर्षांनी! देशात केवढा आनंद झाला असेल याची कल्पना आपण करू शकतो. मिठाच्या चिमटीचे महत्त्व ज्यांना कळते त्यांना दरपत्रकाचेही कळेल.

आणि आता विनोद असा की स्वातंत्र्य मिळाले त्याच दिवसापासून तस्करी फोफावली. कारण सोपे आहे. ५ टक्के जकात चुकवण्यासाठी कोण जीव धोक्यात घालील? अफू आणि मीठ सोडले तर जुन्या काळी चोरट्या वाटेने जाण्यात फारसा फायदाच नव्हता. सरकारने साखर, रॉकेल, कृत्रिम रेशीम अशा मालावरचे दर भराभर वाढवले, कारण त्याला पैसा हवा होता. सरकारी उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या कस्टम्समधून येत होता. दर वाढले तसा चोरट्या मालातला नफा वाढला. हाँगकाँग, मकाव आणि तैवान ही तीन परक्यांच्या ताब्यातली ठिकाणे चीनच्या किनाऱ्याला खेटून. आदल्या दिवशी हाँगकाँगहून साखरेचे पोते आणणारा कोळी फक्त कोळी होता. दुसऱ्या दिवशी तो गुन्हेगार झाला.

थाय यांच्या पुस्तकातला सर्वांत जिवंत भाग हाच आहे. जप्तीच्या नोंदी, दंडाविरुद्धचे अर्ज, कोर्टातले दावे यांतून ते साध्या माणसांपर्यंत पोहोचतात. बोटीवरचे खलाशी, फेरीने ये-जा करणारे प्रवासी, किनाऱ्यावरच्या खेड्यांतले लोक. यांच्यापैकी कितीतरी जणांना आपण काही गैर करतो आहोत असे वाटतच नव्हते. बापजादे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने तेही जात होते. सरकार मात्र झपाट्याने पुढे येत होते. १९३१ साली कस्टम्समध्ये तस्करी रोखणारा खास विभाग आला. त्याच वर्षी कस्टम्सच्या गस्तीची हद्द समुद्रात १२ सागरी मैलांपर्यंत नेली. १९३४ साली तस्करीविरोधी कायदा झाला. झडती, जप्ती, दंड सगळे त्यात बसवले. बोटींची नोंदणी आली, कागदपत्रे आली. १९३६ पासून आगगाडीने जाणाऱ्या मालाचीही तपासणी सुरू झाली. कस्टम्स आता बंदरात बसून राहिले नव्हते, ते देशाच्या आत शिरले होते. आपल्या दुकानातली साखर कुठून आली, याचा कागद दाखवण्याची वेळ आतल्या गावच्या वाण्यावर आली.

आपल्या पिढीला हे सगळे ओळखीचे वाटेल. १९५५ साली भारतात सागरी जकातीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन सोन्यासारख्या वस्तूंच्या बाबतीत पुराव्याचा भार उलटा झाला. माल चोरटा आहे हे सरकारने सिद्ध करायचे नाही, तो चोरटा नाही हे तुम्ही सिद्ध करायचे. पुढे सुवर्ण नियंत्रण आले, १९६८ साली त्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. मधल्या काळात कोकणच्या किनाऱ्यावर रात्री काय काय उतरत होते, त्याच्या कहाण्या ऐकतच आपण मोठे झालो. 'फॉरेनचा माल' हा शब्द त्या वेळी कुजबुजत उच्चारायचा आणि मनगटावरचे घड्याळ मात्र उघडपणे दाखवायचे! थाय यांनी भारताचे नावही काढले नसते तरी त्यांचे म्हणणे इथे चपखल बसते.

पण पहिली नाडी सुटली तरी दुसरी अडकलेलीच होती, आणि माझ्या मते या पुस्तकाचा कणा तिथे आहे. दर ठरवण्याचा हक्क चीनला १९२९ साली मिळाला. इंग्रज आणि अमेरिकन नागरिकांवर खटला चालवण्याचा हक्क मिळाला तो ११ जानेवारी १९४३ च्या करारांनी. मधल्या चौदा वर्षांत चीनकडे कडक कायदा होता, पण तो अर्ध्याच माणसांना लागू होत होता. जर्मनांचे हे हक्क १९२१ साली आणि रशियनांचे १९२४ साली गेले होते, जपान्यांचे शाबूत होते. कोरिया जपानच्या ताब्यात, म्हणून कोरियन माणूसही जपानची प्रजा, म्हणून त्यालाही तोच हक्क.

याचा कळस १९३५–३६ मध्ये उत्तर चीनमध्ये झाला. १९३३ च्या तांगगू तहाने बीजिंगच्या पूर्वेचा पट्टा निःशस्त्र ठरला होता. तिथे जपानी लष्कराने दम भरला की कस्टम्सच्या माणसांनी शस्त्रे बाळगू नयेत, गस्ती बोटींनी किनाऱ्याजवळ फिरू नये. आधी चीनमधून चांदी बाहेर गेली, कारण १९३४ च्या अमेरिकी कायद्यामुळे बाहेर चांदीचा भाव चढला होता. मग साखर, कृत्रिम रेशीम, रॉकेल, सिगारेटचा कागद यांचे ढीग भर दिवसा किनाऱ्यावर उतरू लागले आणि आगगाडीने तिएनचिनला जाऊ लागले. पूर्व होपेईमध्ये जपानच्या आशीर्वादाने उभ्या राहिलेल्या बाहुल्या सरकारने तर स्वतःचीच जकात बसवली. चीनच्या दराच्या फक्त पाव हिस्सा! कस्टम्सचा निःशस्त्र माणूस स्टेशनवर उभा राहून पोती मोजत असे, दुसरे तो काय करणार? काही ठिकाणी त्यांना मारहाणही झाली.

नानजिंग सरकारने १९३६ मध्ये तस्करीच्या शिक्षा वाढवल्या, गंभीर प्रकरणांत थेट देहदंडापर्यंत. पण त्या कोणासाठी? चिनी नागरिकांसाठी. माल आणणारा जपानी किंवा कोरियन पकडला तर त्याला त्याच्या कॉन्सलच्या हवाली करायचे. त्याची पोती पाठीवरून वाहणारा चिनी हमाल किंवा ती विकत घेणारा चिनी व्यापारी पकडला तर त्याच्यासमोर मात्र फाशीचा कायदा. चिनी सरकार दुष्ट होते म्हणून हे झाले नाही. ज्याच्यापर्यंत हात पोहोचतो त्यालाच सरकार धरते.

पुस्तकाशी माझे पहिले भांडण इथे आहे. तस्करीविरुद्धच्या लढ्यातून चिनी सरकार बळकट झाले, असे थाय पुन्हा पुन्हा दाखवतात आणि पुरावेही भरपूर देतात. पण बळकट झाले ते कोणाविरुद्ध? वरची हकिगत पाहिली तर आधी स्वतःच्याच गरीब माणसांविरुद्ध. थाय हे नाकारत नाहीत, पण ते इतक्या थंड सुरात सांगतात की वाचकाला थांबावेसे वाटू नये. तराजू हातात धरलेल्या कस्टम्सच्या माणसासारखा त्यांचा सूर आहे. मला वाटते, १९३६ ची ती विषम शिक्षा या विषयाचा गाभा आहे आणि तिला स्वतंत्र प्रकरण द्यायला हवे होते. तहाचा हक्क म्हणजे नुसती परदेशी माणसाला मिळालेली सवलत नव्हती. त्या सवलतीचा भार कुणीतरी उचलत होते आणि ते कोण, हे इथे उघड दिसते.

दुसरे भांडण सुरुवातीच्या सालाशी. १८४२ पासून सुरू केले की चीन हा आधीच हरलेला देश दिसतो आणि मुंबई तर दिसतच नाही. त्यासाठी या पुस्तकाशेजारी अमर फारुकी यांचे 'स्मगलिंग अ‍ॅज सबव्हर्जन' हे १९९८ चे पुस्तक ठेवून वाचावे, असे मी सुचवीन. माळव्यातली अफू म्हणजे शिंदे–होळकरांच्या मुलखातली अफू. ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता बंगालच्या अफूवर होता. माळव्याची अफू कंपनीला डोईजड झाली, म्हणून ती कंपनीने अडवायचा प्रयत्न केला. मग देशी व्यापाऱ्यांनी ती उंटांवरून राजपुतान्यातून कराचीला आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला पोहोचवली. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि फी घेऊन मुंबईमार्गे जायचे परवाने सुरू केले. म्हणजे एकच पेटी दमणच्या वाटेवर कंपनीच्या दृष्टीने तस्करीची, मुंबईला फी भरली की कायदेशीर, आणि कँटनला पोहोचली की पुन्हा तस्करीची!

फारुकींना या तस्करीत कंपनीविरुद्धचे बंड दिसते. देशी व्यापाऱ्यांनी त्यातून भांडवल उभे केले आणि पश्चिम भारताच्या उद्योगधंद्यांना त्याचा आधार झाला, असे ते मांडतात. थाय यांना चीनच्या किनाऱ्यावरून तीच तस्करी सरकारच्या मार्गातला अडथळा म्हणून दिसते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि नेमकी तीच गोष्ट मला अस्वस्थ करते. कंपनीला चकवले म्हणून ज्या व्यापाऱ्याला आपण शाबासकी द्यायची, त्याच्याच पेटीने कँटनच्या घराघरांत काय केले हेही मग पाहावे लागते. अमिताव घोष यांच्या 'रिव्हर ऑफ स्मोक' या २०११ च्या कादंबरीत मुंबईचा एक पारशी व्यापारी याच पेचात सापडलेला आहे. ज्यांना इतिहासाची जाडजूड पुस्तके नकोत त्यांनी तिथून सुरुवात करावी.

तिसरी गोष्ट भांडणाची नाही, हुरहुरीची आहे. हद्दबाह्य हक्क 'ब्रिटिश प्रजे'ला होते आणि हिंदी माणूसही ब्रिटिश प्रजाच होता. म्हणजे मुंबईत ज्याला साहेबाच्या क्लबात पाऊल टाकता येत नव्हते तो पारशी, गुजराती किंवा सिंधी व्यापारी शांघायच्या धक्क्यावर उतरला की चिनी न्यायाधीशाच्या वर! त्याचा न्याय १८६५ पासून शांघायच्या ब्रिटिश कोर्टात होत असे. घरी गुलाम आणि बाहेर हक्कदार, अशी ही विचित्र अवस्था. त्या माणसाला काय वाटत असेल? चिनी शेजारी त्याच्याकडे कसे पाहत असतील? परक्या देशात परक्याच्या कृपेने राहणाऱ्या माणसाचे मन आपल्याला थोडेतरी समजते, म्हणून मी या माणसाला पुस्तकात शोधत होतो. थाय यांचे लक्ष चिनी आणि जपानी माणसांवर आहे, हिंदी माणूस त्यांच्या वाटेवर येत नाही. लेखकाला त्याचा दोष देता येणार नाही, विषयाला कुठेतरी कुंपण घालावेच लागते.

पुढची प्रकरणे मी जरा भरभर वाचली. १९३७ नंतर जपानशी युद्ध आणि दोन्ही बाजूंची नाकेबंदी, युद्धानंतरची महागाई आणि टंचाई, मग १९४९ नंतर कम्युनिस्ट सरकार. तह गेले, परदेशी अधिकारी गेले, १९५१ मध्ये कोरियन युद्धामुळे संयुक्त राष्ट्रांची व्यापारबंदी आली. तस्करी मात्र गेली नाही. माओच्या सरकारने ज्यांना शत्रू मानले त्या राष्ट्रवाद्यांचीच कस्टम्सची हत्यारे उचलली आणि जास्त धार लावून वापरली, हे थाय यांनी चांगले दाखवले आहे. नियोजनाची अर्थव्यवस्था जितकी घट्ट, तितकी तिच्या फटींतून वाहणारी दुसरी अर्थव्यवस्था मोठी. आपल्याकडच्या परवाना-राज्यात वाढलेल्या वाचकाला हे पटवून द्यायला तळटीपा लागत नाहीत.

तळटीपा मात्र आहेत, आणि पुष्कळ आहेत. नकाशे पाहायला विसरू नये, नाहीतर चिनी गावांच्या नावांत वाट चुकते. माझा सल्ला विचाराल तर आधी १९३० च्या दशकावरची प्रकरणे वाचावीत, मग मागे येऊन तहांचे प्रकरण वाचावे. ज्यांना मुंबईचा धागा पकडायचा असेल त्यांच्यासाठी फारुकींचेच २००६ चे 'ओपियम सिटी' हे छोटेखानी पुस्तक आहे. त्याहून खोल जायचे असेल तर मुंबई इलाख्याची जुनी सरकारी दप्तरे काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहेत. पुढच्या सुट्टीत लग्नसराई आणि दादरची खरेदी यांतून एखादी सकाळ मोकळी झाली तर मी तिथे जाणार आहे. शांघायच्या कोर्टात उभ्या राहिलेल्या एखाद्या मुंबईकराचा कागद सापडतो का ते पाहायला.